धक्का जिरतो कुठे? रेल्वेचा बफर समजून घ्यायचा, मोजायचा आणि तपासायचा

शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडाजोड आणि हलवाहलव, चालू असलेल्या यार्डाच्या कुंपणाबाहेर थोडा वेळ उभे राहा आणि नुसते कान द्या. वाघीण (मालाचा डबा) वाघिणीला भिडते तेव्हा कधी जड, दबका ‘धप्प’ ऐकू येतो, तर कधी कोरडा ‘ठण्ण’ येतो आणि पाठोपाठ साखळ्यांची खडखड. दोन्ही वेळा वजन सारखं असू शकतं, वेगही सारखा असू शकतो. फरक असतो बफरच्या पोटात. पहिल्या वेळी धक्का तिथेच जिरला. दुसऱ्या वेळी तो पुढे गेला, सांगाड्यात, मालात, चाकांत.

बफर म्हणजे ‘डब्यांमधली उशी’ असं पुष्कळ जण समजतात. ही समजूत मला घातक वाटते. उशी मऊ असते, पण बफर मऊ असून चालत नाही. त्याने आलेली ऊर्जा घ्यायची असते, तिच्यातली बरीचशी स्वतःत संपवायची असते आणि उरलेली सावकाश परत द्यायची असते. तो हे कसं करतो ते कागदावर आकडे मांडून, टेबलावर छोटे प्रयोग करून आणि शेवटी प्रत्यक्ष बफरकडे बघून समजून घेऊ. सोबत कॅल्क्युलेटर, मोबाईल, खेळण्यातल्या दोन सारख्या गाड्या आणि सुई काढलेली एक सिरिंज असू द्या.

पायरी १: समोरून नीट बघा

बाजूचे बफर असलेल्या डब्याच्या टोकाला दोन गोल किंवा चौकोनी तबकड्या दिसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. युरोपीय मानकानुसार दोघांच्या मध्यांमधलं अंतर १७५० मिमी असतं आणि रुळापासूनची उंची साधारण एक मीटर. तबकडीला बफर हेड म्हणतात. तिच्या मागचा सरकणारा दांडा किंवा नळा म्हणजे प्लंजर. प्लंजर ज्यात शिरतो ते केसिंग, आणि केसिंग बोल्टांनी बसवलेलं असतं डब्याच्या आडव्या तुळईवर, म्हणजे हेडस्टॉकवर. प्लंजर आणि केसिंग यांच्या पोटात स्प्रिंग, रबर किंवा तेल असतं.

मालवाघिणीचा नेहमीचा बफर १०५ मिमी आत जाऊ शकतो. यालाच स्ट्रोक म्हणतात. आपला जेमतेम वीतभर पंजाही याहून लांब असतो. ऐंशी टनांचं धूड थांबवायला एवढीच जागा मिळते, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित या १०५ मिमीभोवती फिरतं.

आणखी एक गोष्ट बघा. तबकडीचा पृष्ठभाग सपाट नसतो, किंचित फुगीर असतो. डबे वर-खाली हलतात, वळणावर तिरपे होतात. अशा वेळी सपाट तबकडीची कड दुसरीत रुतली असती. फुगीर पृष्ठभाग एकमेकांवर घसरतात. तबकड्यांवर वंगण दिसतं तेही याचसाठी.

बाजूचे बफर फक्त ढकलणं सोसतात. ओढायचं काम मधल्या हुकाचं आणि स्क्रू कपलिंगचं, म्हणजे स्क्रू फिरवून आवळायच्या जोडाचं. या दोन कामांची फारकत डोक्यात पक्की ठेवा.

पायरी २: किती ऊर्जा जिरवायची ते काढा

प्रत्येकी ८० टनांच्या दोन भरलेल्या वाघिणी घ्या. एक उभी आहे, तिचे ब्रेक सुटे आहेत. दुसरी ताशी १२ किमी वेगाने येऊन भिडते. ताशी १२ किमी म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर, माणूस आरामात धावतो तेवढा वेग.

येणाऱ्या वाघिणीची गतिज ऊर्जा:

½ × ८०,००० किलो × (३.३३)² = सुमारे ४४४ किलोज्यूल.

ही सगळीच ऊर्जा बफरवर येते, असं वाटण्याचा मोह होतो. तसं होत नाही. धक्क्यानंतर दोन्ही वाघिणी मिळून पुढे सरकतात, आणि त्या सरकण्यात काही ऊर्जा शिल्लक राहते. बफरच्या वाट्याला किती येते ते काढायचं सूत्र असं:

ऊर्जा = ½ × (पहिलं वजन × दुसरं वजन ÷ दोन्हींची बेरीज) × वेगाचा वर्ग

आपल्या उदाहरणात कंसातली किंमत ४० टन येते. म्हणून ½ × ४०,००० × ११.१ = सुमारे २२२ किलोज्यूल, बरोबर अर्धी. प्रत्येक वाघिणीचे दोन, असे चार बफर एकमेकांना भिडतात. सारखी वाटणी धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५५ किलोज्यूल.

आता मानकाकडे वळू. ईएन १५५५१ हे युरोपीय मानक मालवाघिणींच्या बफरना क्षमतेनुसार वर्गांत बसवतं. ए वर्गाच्या बफरने आघातात निदान ३० किलोज्यूल घ्यावेत, बी वर्गाने ५०, सी वर्गाने ७०. हेच सूत्र उलटं वापरून चार ए बफर कोणत्या वेगापर्यंत पुरतील ते काढा. एकूण १२० किलोज्यूल, म्हणजे ताशी सुमारे ८.८ किमी. बी वर्गासाठी ११.४ आणि सी वर्गासाठी १३.५ येतात. म्हणजे ताशी १२ किमीच्या धक्क्याला ए वर्गाचा बफर अपुरा पडतो, बी काठावर असतो आणि सी निभावून नेतो. बफरवरच्या एका अक्षराचा अर्थ इतका ठोस आहे.

वेगाचा वर्ग इथे सगळ्यात निर्दय ठरतो. वेग ताशी १२ वरून ६ केला की ऊर्जा चौथ्या हिश्श्यावर येते, बफरमागे जेमतेम १४ किलोज्यूल. टेकाडावरून वाघिणी सोडून वर्गवारी करणाऱ्या यार्डांत रुळांवर रिटार्डर का बसवतात, ते इथे कळतं. आधी वेग कापायचा, उरलेलं बफर बघून घेईल.

हेच सूत्र आणखी दोन प्रसंगांना लावून बघा. पहिल्यात ८० टनांची वाघीण २० टनांच्या रिकाम्या वाघिणीला ताशी १२ किमी वेगाने भिडते. कंसातली किंमत १६ टन, ऊर्जा फक्त ८९ किलोज्यूल. बफर खूश. पण ही रिकामी वाघीण शून्यावरून एकदम ताशी ९.६ किमीवर पोचते, त्यामुळे तिच्यात काही नाजूक असेल तर झळ तिलाच जास्त बसते. दुसऱ्या प्रसंगात तीच वाघीण ब्रेक लावून उभ्या असलेल्या लांबलचक रेकला, म्हणजे जोडलेल्या वाघिणींच्या रांगेला, भिडते. समोरचं वजन इतकं मोठं असतं की कंसातली किंमत जवळजवळ ८० टन धरावी लागते. ऊर्जा पूर्ण ४४४ किलोज्यूल, बफरमागे १११. रेकमधले मागचे बफर थोडा वाटा उचलतात, पण हिशेब करताना वाईट बाजू धरावी. अशा धक्क्यात सी वर्गाचा बफरही हात टेकतो.

पायरी ३: आलेख काढा, कारण खरी गोष्ट तिथे दिसते

एक कागद घ्या. आडव्या अक्षावर बफर किती आत गेला ते, ० ते १०५ मिमी. उभ्या अक्षावर त्या क्षणी बफरने लावलेलं बल, किलोन्यूटनमध्ये. या दोन अक्षांमध्ये काढलेल्या रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे बफरने घेतलेली ऊर्जा.

आता आपल्या ५५ किलोज्यूलसाठी दोन आकृत्या काढा.

पहिली आयताची. बफरने पहिल्या मिलिमीटरपासून शेवटपर्यंत एकसारखं बल लावलं असं धरा. ५५.५ किलोज्यूल भागिले ०.१०५ मीटर, म्हणजे सुमारे ५३० किलोन्यूटन. दोन बफर मिळून वाघिणीवर १०६० किलोन्यूटन. ८० टनांच्या वाघिणीचा वेग यामुळे गुरुत्वीय त्वरणाच्या साधारण १.३५ पट दराने कमी होतो.

दुसरी त्रिकोणाची. साधी पोलादी स्प्रिंग शून्यापासून सुरू होऊन जितकी दबेल तितकं बल वाढवत नेते. त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्याच आयताएवढं हवं असेल तर शिखर दुप्पट उंच लागतं. म्हणजे बफरमागे १०६० किलोन्यूटन, वाघिणीवर २१०० च्या पुढे.

फरक नुसता आकृतीचा नाही. ईएन १२६६३ या मानकानुसार नेहमीच्या मालवाघिणीच्या सांगाड्याने बफरच्या पातळीवर २००० किलोन्यूटन दाब सोसायला हवा. आयताच्या बफरने तीच टक्कर या मर्यादेच्या जेमतेम निम्म्यात भागवली. त्रिकोणाच्या स्प्रिंगने मर्यादा ओलांडली. ऊर्जा तीच, जागा तीच, फक्त रेषेचा आकार वेगळा.

बफर नसताच तर? पोलाद वाकून-दबून सगळं मिळून १० मिमी सरकलं असं समजा. मग सरासरी बल २२,००० किलोन्यूटनच्या आसपास जातं. हेडस्टॉक तेवढ्यात दुमडलेला असेल.

एखादा बफर चांगला की वाईट, हे ठरवताना मी आधी हा आलेख मागतो. ‘किती टन सोसतो’ या प्रश्नाने फारसं काही कळत नाही. रेषा लवकर चढते का, मग सपाट राहते का, आणि शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये एकदम भिंतीसारखी उभी राहते का, ते बघायचं. शेवटची भिंत म्हणजे बफर तळाला टेकला, लोखंड लोखंडावर आलं. तो कोरडा ‘ठण्ण’ याच जागेचा.

पायरी ४: परत किती आलं ते मोजा

खेळण्यातल्या दोन सारख्या गाड्या गुळगुळीत टेबलावर ठेवा. एकीच्या पुढच्या टोकाला बॉलपेनमधली स्प्रिंग चिकटवा आणि दुसरीवर आदळवा. आदळणारी जवळजवळ थांबेल, उभी होती ती पळेल. आता स्प्रिंगच्या जागी चिकणमातीचा गोळा लावा. दोन्ही गाड्या चिकटून निम्म्या वेगाने पुढे जातील. हे मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये टिपा. खऱ्या बफरमध्ये, वर काढलेल्या आयताच्या हिशेबाने, सगळं दबणं एका सेकंदाच्या आठव्या भागात उरकतं. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात ती फक्त तीस चित्रं होतात.

आपल्या वाघिणींवर हेच लावून बघा. बफर निव्वळ स्प्रिंगचा असेल तर ताशी १२ किमीने आलेली वाघीण थांबते आणि उभी असलेली ताशी १२ किमीने निघते. धक्का कुठेच गेला नाही, फक्त मालक बदलला. पुढची वाघीण आता तोच वेग घेऊन तिच्या पुढच्या वाघिणीवर जाणार. बफरने आलेल्या ऊर्जेतले दोन तृतीयांश घर्षणात संपवले तर वाघिणी ताशी साधारण २.५ आणि ९.५ किमी वेगाने निघतात. सगळीच संपवली तर दोघी ताशी ६ किमीने एकत्र.

मग सगळीच संपवणारा बफर का करत नाहीत? कारण चिकणमातीचा गोळा दुसऱ्या धक्क्याला कामाचा राहत नाही. प्लंजरला पुन्हा बाहेर यायला हवं, नाहीतर १०५ मिमी एकदाच वापरून संपतील. बाहेर ढकलायला थोडी परत येणारी ऊर्जा लागतेच. कला आहे ती परतफेड कमी आणि संथ ठेवण्यात.

आलेखावर हे सहज दिसतं. आत जातानाची रेषा वर, बाहेर येतानाची खाली. दोघींच्या मधला फुगा जितका मोठा, तितकी ऊर्जा उष्णतेत गेली. जोरदार शंटिंगनंतर बफरचं केसिंग गरम लागतं ते म्हणूनच.

पायरी ५: पोटात काय आहे ते ओळखा

सुरुवातीच्या रेल्वेगाड्यांना बफर म्हणून लाकडी ठोकळेच असत. काही ठिकाणी त्यांवर चामड्यात भरलेली गादी. १८३४ मध्ये सुरू झालेल्या डब्लिन-किंग्सटाउन मार्गावर थॉमस बर्गिन यांनी स्प्रिंगचे बफर आणले, आणि त्याच दशकात हेन्री बूथ यांचं स्क्रू कपलिंग आलं. तेव्हापासून बाहेरचं रूप फारसं बदललं नाही. आतलं मात्र पूर्ण बदललं.

रिंग स्प्रिंग. उतरत्या कडांच्या पोलादी कड्या एकाआड एक रचलेल्या असतात, एक आतली, एक बाहेरची. दाब आला की आतल्या कड्या आवळतात, बाहेरच्या ताणल्या जातात आणि उतारांवर घासत एकमेकींत शिरतात. सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा या घासण्यात जाते. थंडी-उष्णतेचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि एखादी कडी फुटली तरी बाकीच्या काम चालू ठेवतात. मला हा प्रकार मनापासून आवडतो. गुंतागुंत नाही, तेल गळायची भीती नाही. दुखणं एकच, वंगण सुकून गंज चढला की कड्या एकमेकींत अडकतात आणि प्लंजर आतच बसून राहतो.

रबर आणि इलॅस्टोमर. पोलादी पत्र्यांच्या मध्ये रबराच्या चकत्या. स्वस्त, हलकं, आवाज कमी. पण रबर वयानं कडक होतं, कडाक्याच्या थंडीतही कडक होतं, आणि वर्षानुवर्षं दाबाखाली राहून त्याची जाडी कायमची घटते. जाडी घटली की बफर बाहेरून लहान दिसतो आणि त्याचा स्ट्रोकही तेवढाच उणा होतो.

हायड्रॉलिक. आता सिरिंज घ्या. पाणी भरा, तोंड मोकळं ठेवा आणि दट्ट्या अगदी हळू दाबा, सहज जातो. आता एकदम जोरात दाबा. तो भिंतीसारखा अडतो. पाण्याला बारीक भोकातून घाईने जायला लावलं की विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हायड्रॉलिक बफरमध्ये पाण्याऐवजी तेल असतं, आणि प्लंजर आत जाताना भोक हळूहळू लहान करत नेणारी निमुळती सळई असते. वाघिणीचा वेग उतरत जातो तसं भोकही लहान होतं, त्यामुळे बल जवळजवळ एकसारखं राहतं. पायरी ३ मधला आयत इथे प्रत्यक्षात उतरतो.

इथे एक सुंदर गोष्ट घडते. टक्करीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि तेलाचा विरोधही वेगाच्या वर्गानेच वाढतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट आणि बलही चौपट. म्हणून बफर दोन्ही वेळा जवळजवळ तेवढाच आत जातो. हलक्या धक्क्याला हलका आणि जबर धक्क्याला जबर असा तो आपोआप होतो. स्प्रिंगला हे जमत नाही.

त्याची कमजोरी याच गुणातून येते. सिरिंज हळू दाबली तर विरोधच नव्हता, आठवतं? मागून इंजिन लांब गाडी ढकलतंय, दाब स्थिर आहे, वेग नाही. नुसत्या तेलाचा बफर अशा वेळी हळूहळू पूर्ण आत जाऊन बसेल. म्हणून त्याच्या जोडीला दाबलेला वायू किंवा रिंग स्प्रिंग लागतेच. प्लंजर परत बाहेर काढायचं कामही तीच करते.

पायरी ६: गाडीला वळणावर ठेवा

आतापर्यंत सगळं सरळ रुळावर झालं. आता १४ मीटर लांबीच्या दोन वाघिणी १५० मीटर त्रिज्येच्या वळणावर उभ्या करा. दोघींमधला कोन १४ ÷ १५० = ०.०९३ रेडियन. बफरमधलं अंतर १.७५ मीटर, म्हणून आतल्या बाजूची फट बाहेरच्या बाजूपेक्षा १.७५ × ०.०९३ = सुमारे १६३ मिमीने कमी. मध्यरेषेपासून आतली बाजू ८० मिमीने जवळ येते, बाहेरची तेवढीच उघडते. दोन बफरमध्ये वाटले तर आतल्या बाजूच्या प्रत्येक बफरचा ४० मिमी स्ट्रोक धक्का बसायच्या आधीच खर्च झाला. बाहेरच्या बाजूचे बफर तर भिडतच नाहीत.

म्हणजे चारऐवजी दोनच बफर कामाला, आणि तेही १०५ ऐवजी ६५ मिमीवर. सरळ रुळावर बिनधोक ठरलेला वेग वळणावर धोक्याचा ठरतो. शिवाय सगळं बल एकाच बाजूला येतं आणि वाघिणीला फिरवू बघतं. ती रिकामी असेल, पुढे-मागे भरलेल्या वाघिणी असतील आणि मागून ढकलणं चालू असेल, तर चाक रुळावर चढायला एवढं पुरतं. एकापाठोपाठ उलट-सुलट वळणं असली की तबकड्या आडव्या सरकतात. तबकडी अरुंद असेल तर एक दुसरीच्या मागे जाऊन अडकू शकते. म्हणूनच लांब डब्यांच्या तबकड्या रुंद असतात, आणि वळणावर शंटिंग करताना वेग आणखी कमी ठेवायचा असतो.

पायरी ७: चालत्या गाडीत काय होतं

शंटिंगचा धक्का मोठा असतो, पण क्वचित येतो. चालत्या गाडीत छोटे धक्के सतत असतात. प्रवासी गाडीत स्क्रू कपलिंग आवळताना बफर एकमेकांना टेकून किंचित दबतील इतपत आवळतात. मग हुक नेहमी ताणात, बफर नेहमी दाबात, आणि मध्ये मोकळी जागा शून्य. इंजिनाने ओढलं किंवा ब्रेक लागले तरी हिसका बसत नाही.

मधला एकच कपलर असलेल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. एली जॅनी यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या आकड्याच्या पंजासारख्या कपलरपासून निघालेली ही परंपरा. अमेरिकेत १८९३ च्या सुरक्षा कायद्याने स्वयंचलित कपलर सक्तीचे केले, कारण डब्यांमध्ये शिरून कपलिंग जोडताना कामगार चिरडले जात होते. या पद्धतीत ओढणं आणि ढकलणं दोन्ही एकाच दांड्यावर येतं. त्याच्या मागे, तुळईच्या खोबणीत बसवलेला ड्राफ्ट गियर बफरचं काम करतो. पाचर, घर्षणाच्या पट्ट्या आणि स्प्रिंग किंवा रबर. त्याची चाल दोन्ही दिशांना साधारण ८३ मिमी. नाजूक मालाच्या वाघिणींना यापेक्षा लांब, २५४ किंवा ३८१ मिमी चालीची हायड्रॉलिक यंत्रणा लावतात.

प्रत्येक जोडात मोकळीक आणि ड्राफ्ट गियरची चाल मिळून १५० मिमी धरली, तर शंभर वाघिणींच्या गाडीची लांबी १५ मीटरने कमी-जास्त होऊ शकते. पुढचं टोक थांबलं तरी मागचं अजून धावतंय, आणि धक्क्याची लाट डब्याडब्यातून मागे जाते. अशी गाडी चालवताना ब्रेकचा हात हळू ठेवावा लागतो, कारण दर ड्राफ्ट गियरला त्या लाटेतला आपला घास खायला वेळ मिळायला हवा.

पायरी ८: तपासणी

आधी एक सांगतो, आणि यात तडजोड नाही. गाडी थांबवून, दोन्ही बाजूंनी सुरक्षित करून, परवानगी मिळाल्याखेरीज बफरांच्या मध्ये जायचं नाही. उभी वाघीणसुद्धा लांबून बसलेल्या धक्क्याने सरकते. छंद म्हणून बघणाऱ्यांनी कुंपणाबाहेरूनच बघावं. पुढची यादी ज्यांचं हे काम आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी लांबी. हेडस्टॉकपासून तबकडीच्या तोंडापर्यंत मोकळ्या बफरचं माप घ्या. १०५ मिमी स्ट्रोकच्या युरोपीय बफरसाठी ते ६२० मिमी असतं. ठरल्यापेक्षा जास्त आत बसलेला बफर म्हणजे रबर खचलं, स्प्रिंग तुटली किंवा प्लंजर अडकला. हा ‘डेड बफर’. बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणून फसवतो. एका टोकाचे दोन्ही बफर मापून ताडून बघा. एक लांब आणि एक आखूड असेल तर लांब असलेला दोघांचा मार एकटा खातो.

मग उंची, रुळाच्या माथ्यापासून. एका टोकाचे दोन्ही बफर वर-खाली असतील तर दोष बहुधा बफरमध्ये नसतो. तो बोगीच्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या, स्प्रिंगमध्ये किंवा एका बाजूला लादलेल्या मालात असतो. शेजारच्या वाघिणीशी उंचीत जास्त फरक असेल तर तबकड्या कडेला भिडतात, प्लंजर वाकडा दबतो आणि केसिंगच्या तोंडाशी घासतो. प्लंजरच्या वरच्या किंवा खालच्या अंगावर एकतर्फी चकाकी दिसली की हेच चाललंय असं समजा.

तबकडीचा पृष्ठभाग हाताने चाचपा. ओरखडे, उचकटलेली कड, सुकलेलं वंगण शोधा. चौकोनी तबकडी फिरलेली दिसली तर आतली खीळ गेलेली आहे. केसिंगच्या पायथ्याशी, बोल्टांच्या भोकांपासून निघणारे बारीक तडे गंजाच्या तांबूस रेघेवरून कळतात. हायड्रॉलिक बफरखाली तेलाचा ओला डाग असेल तर आलेखातला आयत संपलाय, उरली आहे फक्त परत ढकलणारी स्प्रिंग. बदलताना दोन्ही बफर एकाच प्रकारचे आणि एकाच वर्गाचे घाला. एकीकडे रबर आणि दुसरीकडे हायड्रॉलिक असला तर प्रत्येक धक्क्याला वाघीण तिरकी रेटली जाते.

आणि कान विसरू नका. शंटिंगमध्ये एकच वाघीण दरवेळी ‘ठण्ण’ करत असेल तर तिचा नंबर लिहून ठेवा.

पायरी ९: क्षमता संपते तेव्हा

ताशी १२-१४ किमीच्या पुढे कोणताही साधा बफर पुरत नाही. तिथून पुढे धातूने स्वतःला मोडून ऊर्जा घ्यायची. क्रॅश बफरमध्ये नेहमीच्या स्प्रिंगच्या मागे एक नळी असते. ठरलेल्या बलाला ती चिरत, वळत किंवा घडी पडत जाते. इथेही आयतच हवा असतो, फक्त तो फार मोठा आणि एकदाच वापरायचा.

धोकादायक मालाच्या रेल्वे वाहतुकीसाठीचे युरोपीय नियम काही टँक वाघिणींना दर टोकाला निदान ८०० किलोज्यूल जिरवण्याची सक्ती करतात. रोजच्या शंटिंगमध्ये नळी मोडू नये म्हणून तिने ताशी १२ किमीच्या वर किंवा एका बफरवर १५०० किलोन्यूटनपेक्षा जास्त बल आल्यावरच काम सुरू करायचं. अशा ८० टनांच्या दोन टँक वाघिणी भिडल्या तर १६०० किलोज्यूल मिळतात. पायरी २ च्या सूत्रात घाला, ताशी ३२ किमी येतात. प्रवासी गाड्यांसाठी ईएन १५२२७ मध्ये दोन सारख्या गाड्यांची ताशी ३६ किमीची टक्कर गृहीत धरतात. टक्करीत एक डबा दुसऱ्यावर चढू नये म्हणून काही तबकड्यांवर आडवे दातेही असतात. डबा डब्यात घुसला की बफरचं सगळं गणित वाया जातं.

नळीवर बाहेरून दिसणारी खूण असते. ती जागची हलली असेल तर बफर अजून बाहेर आलेला असला, तबकडी चकचकीत असली, तरी त्यातला मोठा आयत खर्च झालेला आहे. अशी वाघीण त्याच दिवशी रेकमधून काढायची, त्या टोकाचे दोन्ही बफर बदलायचे, आणि हेडस्टॉकला तडा नाही हे तपासल्याशिवाय तिला पुन्हा माल भरायचा नाही.